संगणकासाठी घरीच तयार करा स्पीकर : खोके, ॲम्प्लिफायर आणि दिल्लीची बाजारपेठ

संगणकाला जोडण्याचे स्पीकर आज कोणत्याही दुकानात तयार मिळतात. मात्र त्याच खर्चात किंवा त्याहूनही कमी खर्चात, अधिक स्वच्छ आवाज देणारे आणि बिघडल्यास दुरुस्त करता येणारे स्पीकर घरी तयार करता येतात. त्यासाठी लागणारे सर्व सुटे भाग राजधानी दिल्ली आणि परिसरातील बाजारांत उपलब्ध आहेत. स्पीकरची निवड, खोक्याचे माप, परवडणारा ॲम्प्लिफायर आणि विजेची सुरक्षितता याविषयीची ही माहिती.

दिल्लीतील बाजारपेठ

लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी असलेले लजपतराय मार्केट हे उत्तर भारतातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या घाऊक व्यापाराचे एक प्रमुख केंद्र मानले जाते. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या निर्वासितांनी राजधानीत जे अनेक बाजार उभे केले, त्यांपैकी हा एक. रेडिओ, कॅसेट, दूरचित्रवाणी, डिश अँटेना, मोबाईल अशा प्रत्येक काळात या बाजाराने आपला माल बदलला. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांचे सुटे भाग मात्र येथे कायम राहिले. सुटा स्पीकर, त्याची जाळी, रिकामे खोके, ट्रान्सफॉर्मर, तयार ॲम्प्लिफायर बोर्ड आणि जळालेली कॉइल बदलून देणारा कारागीर हे सारे येथे जवळजवळ भेटते.

तेथून चालत गेल्यास काही मिनिटांवर भागीरथ पॅलेस आहे. सरधन्याच्या बेगम समरूची ही एके काळची हवेली. आज तिच्या परिसरात विद्युत साहित्याचा मोठा बाजार भरलेला आहे. तारा, फ्यूज, तीन पिनांचे प्लग, स्विच आणि सॉकेट येथून घेता येतात. ध्वनीसाठीचे यूएसबी साउंड कार्ड, केबल आणि संगणकाचे अन्य साहित्य दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस येथे मिळते. खोक्यासाठी लागणारे प्लायवूड आणि एमडीएफ पश्चिम दिल्लीतील कीर्तीनगरच्या लाकूड बाजारात उपलब्ध असते. पूर्ण तक्ता घेण्याची गरज नसते. सुताराकडे उरलेले तुकडे पुरेसे होतात.

लजपतराय मार्केटला जाण्यासाठी मेट्रोचे लाल किल्ला स्थानक सोयीचे आहे. हे स्थानक २०१७ मध्ये सुरू झाले. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्याचे २०२१ मध्ये नूतनीकरण झाल्यावर तेथे दिवसा मोटार वाहनांना मनाई करण्यात आली. त्यामुळे स्वतःचे वाहन घेऊन जाणे गैरसोयीचे ठरते. रविवारी या दोन्ही बाजारांतील बहुतांश दुकाने बंद असतात.

दिल्लीबाहेरील वाचकांना हेच साहित्य मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, बंगळूरुत एस. पी. रोड आणि चेन्नईत रिची स्ट्रीट येथे मिळू शकते.

वॉटचा आकडा आणि त्यामागील सत्य

खरेदीस निघण्यापूर्वी वॉट या एककाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे, कारण ग्राहकांची सर्वाधिक फसगत येथेच होते. स्वस्त स्पीकरच्या वेष्टनावर शेकडो, प्रसंगी हजारो वॉट पीएमपीओ असा आकडा छापलेला आढळतो. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी मिळू शकणारी, कागदावर मोजलेली कमाल शक्ती. ती कशी मोजावी याचे सर्वमान्य प्रमाण अस्तित्वात नाही. त्यामुळे उत्पादकाला हवा तो आकडा छापता येतो. सातत्याने मिळणारी खरी शक्ती आरएमएस या नावाने सांगितली जाते आणि तुलना तिचीच करावी. ॲम्प्लिफायरच्या शक्तीविषयीचे असे भरमसाट दावे रोखण्यासाठी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्येच स्वतंत्र नियम लागू केला होता.

आकडा खरा की खोटा हे पडताळण्याची एक सोपी रीत आहे. संचासोबतच्या अ‍ॅडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे आत जाणारी शक्ती. अ‍ॅडाप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा असेल तर आत १२ वॉट जातात. आत १२ वॉट घेणारे यंत्र बाहेर सातत्याने १२ वॉटहून अधिक देऊ शकत नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो.

प्रत्यक्षात किती वॉट लागतात, याचे उत्तर अनेकांना आश्चर्यकारक वाटेल. सर्वसाधारण लहान स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे त्याला १ वॉट शक्ती दिल्यास १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज मिळतो. संगणकासमोर बसणारी व्यक्ती स्पीकरपासून साधारण ७० सेंटिमीटरवर असते आणि स्पीकर दोन असतात. हे लक्षात घेता प्रत्येकी अवघ्या १ वॉटमध्ये आवाज ९० डेसिबलच्या घरात पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलसाठी ही मर्यादा ४ तासांवर येते.

शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. तबल्याची थाप किंवा ढोलकीचा ठेका यांसारख्या क्षणिक उसळीसाठी ही दहापट राखीव शक्ती हाताशी असावी लागते. म्हणून प्रत्येक बाजूस १० ते १५ खरे वॉट मिळाले की संगणकाच्या मेजासाठी ते भरपूर होतात.

स्पीकरची निवड

स्पीकर अर्थात ध्वनिक्षेपकाचे मूळ तत्त्व शंभर वर्षांत बदललेले नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये फिरत्या कॉइलच्या स्पीकरविषयीचा आपला शोधनिबंध मांडला. चुंबकाच्या फटीत टांगलेल्या कॉइलमधून विद्युतप्रवाह गेला की ती पुढेमागे हलते आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू हवा ढकलतो, हे ते तत्त्व.

प्रथमच स्पीकर तयार करणाऱ्याने ४ इंची फुल रेंज प्रकारचा एकच स्पीकर निवडणे श्रेयस्कर. वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे घेतल्यास त्यांच्यात ध्वनीची विभागणी करणारे क्रॉसओव्हर मंडल लागते आणि ते चुकल्यास आवाज बिघडतो. फुल रेंज स्पीकरमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. गायन, भाषण, बातम्या यांच्या श्रवणासाठी तो विशेष योग्य ठरतो.

खरेदी करताना पुढील गोष्टी तपासाव्यात. शंकू बोटांनी सर्व बाजूंनी समान आत दाबून पाहावा. कॉइल घासल्याचा खरखर आवाज आल्यास तो स्पीकर घेऊ नये. शंकूच्या कडेचे वेष्टन रबराचे असावे. फोमचे वेष्टन काही वर्षांत उष्णता आणि दमटपणामुळे भुगा होऊन गळू लागते. मल्टीमीटरने रोध मोजावा. ८ ओहमचा स्पीकर सुमारे ६ ते ७ ओहम आणि ४ ओहमचा सुमारे ३ ते साडेतीन ओहम दाखवतो. दोन्ही बाजूंचे स्पीकर एकाच नमुन्याचे असावेत.

जुन्या म्युझिक सिस्टिममधील किंवा दूरचित्रवाणी संचातील स्पीकर सुस्थितीत असल्यास तेही वापरता येतात. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर हा परिसर देशभरातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या मोडतोडीसाठी ओळखला जातो. तेथे हे काम करणाऱ्यांच्या आरोग्यावर होणारे परिणाम अनेकदा समोर आले आहेत. चालू स्थितीतील भाग पुन्हा वापरात आणल्यास या कचऱ्यात तेवढीच घट होते.

खोक्याचे गणित

सुटा स्पीकर मेजावर ठेवून वाजवल्यास आवाज पातळ आणि पोकळ वाटतो. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. खालच्या सुरांमध्ये या दोन लहरी कडेवरून वळून एकमेकींना नाहीशा करतात. खोके मागील लहर कोंडून ठेवते. म्हणूनच खोके हा स्पीकरचा अर्धा भाग आहे, असे म्हटले जाते.

खोके किती मोठे असावे हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियन अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात केलेल्या कामामुळे हे गणित सुलभ झाले. चांगले उत्पादक स्पीकरसोबत त्याची थील-स्मॉल परिमाणे देतात. त्यांतील तीन महत्त्वाची आहेत : स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या, त्याच्या लवचीकतेइतकी हवा दर्शवणारे आकारमान आणि एकूण क्यू.

बंद खोक्यासाठीची रीत अशी. ०.७०७ या संख्येला स्पीकरच्या क्यूने भागावे, आलेल्या संख्येचा वर्ग करावा आणि त्यातून १ वजा करावा. स्पीकरच्या समतुल्य आकारमानाला या संख्येने भागले की खोक्याचे आतील आकारमान मिळते. उदाहरणार्थ, क्यू ०.५ आणि समतुल्य आकारमान ६ लिटर असल्यास भागाकार १.४१४, वर्ग २, वजाबाकी १ आणि खोके ६ लिटरचे. अशा खोक्यात ७० हर्ट्झ नैसर्गिक कंपनसंख्येचा स्पीकर सुमारे १०० हर्ट्झपर्यंत नीट वाजतो आणि त्याखाली हळूहळू मंदावतो. पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारणतः ८५ ते १८० हर्ट्झ दरम्यान असतो. हे पाहता बोलणे, गायन आणि सर्वसाधारण संगीत यांसाठी ही मर्यादा समाधानकारक आहे. चित्रपटांतील खोल गडगडाट मात्र त्यातून मिळणार नाही. त्यासाठी वेगळा सबवूफर लागतो.

या उदाहरणातील खोके १२ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफपासून तयार करायचे झाल्यास आतील रुंदी १५, उंची २५ आणि खोली १८ सेंटिमीटर धरावी. हे आकारमान पावणेसात लिटर होते. स्पीकरचा मागील भाग आणि आतील पट्ट्या यांनी व्यापलेली जागा वगळता ते अपेक्षित मापाजवळ येते. एका खोक्यासाठी पुढे-मागे १७.४ बाय २७.४ सेंटिमीटरचे दोन, बाजूंना २७.४ बाय १८ चे दोन आणि वर-खाली १५ बाय १८ चे दोन असे सहा तुकडे लागतात. दोन्ही खोक्यांना मिळून आठ बाय चार फुटी तक्त्याचा साधारण सहावा हिस्सा पुरतो. तुकडे सुताराकडून यंत्रावर कापून घ्यावेत. कडा काटकोनात असल्या की निम्मे काम सोपे होते.

पुढील फळीला स्पीकरच्या मापाचे भोक पाडावे. सांधे लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने जोडून रात्रभर आवळून ठेवावेत. आतल्या कोपऱ्यांतून गोंदाची आणखी एक रेघ ओढावी. बंद खोक्यात सूक्ष्म फट राहिली तरी तेथून फुसफुस आवाज येतो. त्यामुळे स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी लावावी आणि तारेचे छिद्रही बुजवावे. आत उशीत भरतात तो कृत्रिम कापूस सैलसर भरावा. एमडीएफ पाणी शोषून फुगते. म्हणून बाहेरून सनमायका किंवा रंगाचे दोन हात आवश्यक आहेत. कोकण आणि गोव्यासारख्या दमट प्रदेशांत एमडीएफऐवजी चांगले प्लायवूड वापरावे.

ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा

संगणकातून येणारा ध्वनिसंकेत अतिशय दुर्बल असतो. त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देण्याचे काम प्रवर्धक अर्थात ॲम्प्लिफायर करतो. बाजारात परवडणाऱ्या दरात मिळणारे बोर्ड मुख्यतः चार प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार पीएएम ८४०३ या चिपवर आधारित आहे. नाण्याएवढा हा बोर्ड शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतो. ४ ओहमच्या स्पीकरला तो प्रत्येकी ३ वॉटपर्यंत शक्ती देतो, मात्र त्या टोकाला आवाज फाटू लागतो. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा प्रयोगासाठी तो पुरेसा आहे.

दुसरा प्रकार एलए ४४४० चा. मूळच्या जपानी सान्यो कंपनीच्या या चिपने भारतातील लहान दुकानदार आणि हौशी कारागीर यांच्यात जी लोकप्रियता मिळवली, तिला तोड नाही. सुमारे १३ व्होल्टवर ती दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६ वॉट, किंवा दोन्ही भाग एकत्र जोडल्यास एका स्पीकरला १९ वॉट देते. बोर्डावर याहून कितीतरी मोठा आकडा लिहिलेला असला तरी चिपची क्षमता एवढीच आहे.

तिसरा प्रकार टीडीए २०३० चा. यात प्रत्येक बाजूस एक चिप असते आणि ४ ओहमवर सुमारे १४ वॉट, ८ ओहमवर सुमारे ९ वॉट मिळतात. आवाज स्वच्छ असतो. ट्रान्सफॉर्मरची निवड येथे काळजीपूर्वक करावी लागते. ही चिप धन आणि ऋण प्रत्येकी १८ व्होल्टपर्यंतच सुरक्षित असते. १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरमधून एकदिश झाल्यावर सुमारे १६ व्होल्ट मिळतात आणि ते योग्य आहे. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर जोडल्यास २० व्होल्टच्या आसपास दाब जाऊन चिप जळण्याचा धोका असतो. दुकानदाराने जास्त आवाजासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर सुचवल्यास तो नम्रपणे नाकारावा. दोन्ही बाजूंसाठी २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि चिपला पुरेसे मोठे ॲल्युमिनियमचे हीटसिंक आवश्यक आहे.

चौथा प्रकार क्लास डी तंत्राचा आहे आणि आज बहुतेकांसाठी तोच सर्वाधिक किफायतशीर ठरतो. त्यातील टीपीए ३११६ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची चिप सर्वपरिचित आहे. क्लास डी ॲम्प्लिफायर वीजप्रवाह अतिजलद चालू-बंद करून ध्वनी घडवतो. त्यामुळे शक्ती उष्णतेत वाया जाण्याचे प्रमाण फार कमी राहते आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. हा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो आणि २६ व्होल्टपर्यंत कोणत्याही एकदिश पुरवठ्यावर चालतो.

त्याचा सर्वांत मोठा फायदा असा की घरात पडून असलेला लॅपटॉपचा जुना चार्जर त्याला चालतो. १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा सर्वसामान्य चार्जर ६५ वॉट देतो. ८ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्टवर फार तर ८ ते ९ वॉट मिळतात, तर १९ व्होल्टवर सुमारे २० वॉट. जोडण्यापूर्वी बोर्डावरील कपॅसिटर किमान २५ व्होल्टचे आहेत याची खात्री करावी आणि पिनेतील धन-ऋण मल्टीमीटरने तपासावे. या बोर्डावर दोन्ही स्पीकरच्या ऋण तारा एकमेकींना किंवा अर्थिंगला कधीही जोडू नयेत. तसे केल्यास चिप तत्काळ निकामी होऊ शकते.

सभागृहे आणि सार्वजनिक कार्यक्रमांसाठी दिल्लीच्या अहुजासारख्या जुन्या कंपन्यांचे ॲम्प्लिफायर देशभर वापरले जातात. ते लांब तारांवरून अनेक कर्ण्यांना आवाज पोहोचवण्यासाठी तयार केलेले असतात. संगणकाच्या मेजासाठी त्यांचा उपयोग नाही.

जोडणी आणि चाचणी

संगणकापासून ॲम्प्लिफायरपर्यंतची तार जाळीदार आवरणाची आणि शक्य तितकी आखूड असावी. आवाज नियंत्रणासाठी दोन्ही बाजूंचा एकत्रित, लॉग प्रकारचा पोटेन्शिओमीटर घ्यावा. सांध्यांना डाख देताना, म्हणजेच सोल्डरिंग करताना, तार आणि पट्टी दोन्ही तापल्यावरच कथील सोडावे. मंद, खडबडीत दिसणारा सांधा पुढे खरखर निर्माण करतो.

दोन्ही स्पीकरची दिशा एकच असणे महत्त्वाचे आहे. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर लावावे. शंकू बाहेर सरकल्यास खूण बरोबर आहे. एक स्पीकर उलटा जोडला गेल्यास खालचे सूर नाहीसे होतात आणि अनेकजण त्याचा दोष स्पीकरला देतात.

सतत मंद गुणगुण ऐकू आल्यास तिचे कारण बहुधा विजेच्या ५० हर्ट्झ कंपनसंख्येत असते. संगणक आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असल्यास दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावेत. माउस हलवताना चिरचिर येत असल्यास संगणकाच्या आतील ध्वनिमंडल गोंगाट उचलत आहे, असे समजावे. त्यावर स्वस्तातील यूएसबी साउंड कार्ड हा उपाय आहे.

स्पीकर कानांच्या उंचीकडे किंचित वर कलते ठेवावेत. दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण झाल्यास गायकाचा आवाज पडद्याच्या मध्यातून येत असल्याचा प्रत्यय येतो.

सुरक्षिततेत तडजोड नको

भिंतीतील २३० व्होल्टचा दाब जिवावर बेतू शकतो. ज्यांना विद्युत कामाचा अनुभव नाही त्यांनी उघडा ट्रान्सफॉर्मर हाताळू नये आणि बंदिस्त अ‍ॅडाप्टरवर चालणारा क्लास डी बोर्डच निवडावा. अ‍ॅडाप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचा, आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असल्याची खात्री करावी. ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्यांनी तीन पिनांचा प्लग, धातूच्या पेटीला अर्थिंग आणि पहिल्या बाजूस योग्य क्षमतेचा फ्यूज या तीन गोष्टी टाळू नयेत. पहिल्यांदा वीज देताना जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा मालिकेत जोडावा. कोठे चूक असल्यास दिवा प्रखर पेटतो आणि बोर्ड वाचतो.

ज्या बाजारांतून हे साहित्य घेतले जाते, त्या बाजारांनी आगीची झळ सोसली आहे. ६ जानेवारी २०२२ रोजी लजपतराय मार्केटमध्ये आणि त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला भागीरथ पॅलेसमध्ये लागलेल्या आगींत अनेक दुकाने भस्मसात झाली. भागीरथ पॅलेसची आग विझवण्यास काही दिवस लागले. अरुंद गल्ल्या आणि दाटीमुळे तेथे मदत पोहोचवणे कठीण असते. घरातील मेजाखाली गुंतलेल्या तारा, कापडाने झाकलेले अ‍ॅडाप्टर आणि एकाच सॉकेटवर लावलेले अनेक प्लग यांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.

आवाज आपल्यापुरताच राहील याचीही दक्षता घ्यावी. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ अशी वेळ ठरवण्यात आली आहे.

खर्च कोठे करावा

मर्यादित रकमेत सर्वाधिक हिस्सा स्पीकरवर, त्याखालोखाल खोक्यावर आणि उरलेला ॲम्प्लिफायरवर खर्च करावा. बहुतेक ग्राहक याच्या उलट करतात. वॉटचा मोठा आकडा पाहून ॲम्प्लिफायर घेतात आणि स्पीकर मिळेल तो जोडतात. चांगला स्पीकर साध्या बोर्डावरही सुरेल वाजतो. हलक्या स्पीकरला महागडा बोर्ड सुधारू शकत नाही.

घरी तयार केलेल्या संचाचा खरा लाभ त्यानंतरच्या वर्षांत दिसून येतो. तयार संचातील एक भाग बिघडला की बहुधा सारा संच टाकून द्यावा लागतो. येथे प्रत्येक भाग वेगळा, ओळखीचा आणि बाजारात मिळणारा असतो. चिप जळाल्यास बोर्ड बदलता येतो, कॉइल तुटल्यास ती नवी बसवून घेता येते आणि खोके तेच राहते.